पोलंडचं परागंदा सैन्य (१९३९ ते १९४७): देश हातचा गेल्यावर फौज चालवायची कशी?

वळिवडे_रोड

वॉर्सामध्ये मोन्ते कासिनोच्या युद्धस्मारकाजवळच कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे गेले तेव्हा कोल्हापूरजवळच्या वळिवड्यातल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीबद्दल आपल्याकडे बरंच लिहून आलं. पण १९४३ ते ४८ या काळात त्या छावणीत जी सुमारे ५,००० माणसं राहिली, त्यांत बायकामुलंच जास्त का होती, हे फार थोड्यांनी लिहिलं. घरातले पुरुष फौजेत होते. गणवेश पोलंडचा, हुकूम पोलिश अधिकाऱ्यांचा, आणि पोलंडची एक तसूभर जमीनही त्यांच्या सरकारच्या ताब्यात नव्हती.

धागा त्यासाठीच काढतो आहे. शौर्याच्या गोष्टी सगळीकडे मिळतात. इथे कारभाराबद्दल बोलू या: भरती कुठून करायची, पगार कुणी द्यायचा, कोर्टमार्शल कुठल्या कायद्याने करायचं, पडलेल्याच्या जागी दुसरा कुठून आणायचा. माझं मत आधीच सांगून टाकतो. या सैन्याला हत्यारं मिळत गेली. कमी पडला तो माणूस.

सुरुवात कागदापासून करतो, कारण कागद नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी घुसला, १७ ला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आल्या. त्याच रात्री सरकार रुमानियात गेलं आणि रुमानियाने त्यांना अटकावून ठेवलं. अडकलेला राष्ट्राध्यक्ष काय करणार? पण पोलंडच्या १९३५ च्या राज्यघटनेत २४ वं कलम होतं: युद्धकाळात राष्ट्राध्यक्षाला आपला वारस स्वतः नेमता येतो. राष्ट्राध्यक्ष मोश्चित्स्की यांनी पद राच्किएविच यांच्याकडे सोपवलं आणि ३० सप्टेंबरला पॅरिसमध्ये शपथविधी झाला. जनरल सिकोर्स्की पंतप्रधान झाले, नोव्हेंबरमध्ये सरसेनापतीही. वॉर्साच्या शिबंदीने शरणागती पत्करली, पण पोलंड या राज्याने कधीच पत्करली नाही. त्यामुळे १९३९ चा लेफ्टनंट १९४० मध्येही लेफ्टनंटच राहिला, त्याच शपथेने.

कलम_२४

उत्तम सुरुवात. फ्रान्सशी ताडून पाहिलं की या मुद्द्याचं वजन कळतं. द गॉल यांच्या देशाच्या सरकारने युद्धबंदीवर सही केली होती. म्हणजे लंडनमध्ये ते स्वतःच्या सरकारविरुद्ध उभे होते, आणि ऑगस्ट १९४० मध्ये त्यांच्याच देशाच्या लष्करी न्यायालयाने त्यांना गैरहजेरीत देहदंड सुनावला. पोलिश सैनिकावर अशी पाळी आली नाही. त्याला कायदा मोडून लढावं लागलं नाही.

तरी परक्या भूमीवर सैन्य ठेवायचं म्हणजे यजमानाचा कायदा आडवा येतोच. विमानदळाचं उदाहरण घ्या. १९३९-४० च्या हिवाळ्यात जे पोलिश वैमानिक इंग्लंडात पोहोचले त्यांना ब्रिटिश विमानदळाच्या स्वयंसेवक राखीव दलात नाव घालावं लागलं आणि ब्रिटनच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागली. खांद्यावर हुद्दाही ब्रिटिशांचा. पुष्कळांना ते झोंबलं. ५ ऑगस्ट १९४० च्या लष्करी कराराने हे बदललं: पोलिश सैन्य सार्वभौम, निष्ठा पोलंडशी, फक्त लढाईतला वापर ब्रिटिश सरसेनापतीच्या हाताखाली. मग २२ ऑगस्टला ब्रिटिश संसदेने परदेशी मित्रसैन्यांसाठी कायदा केला. त्याने पोलिश लष्करी न्यायालयांना ब्रिटिश भूमीवर आपल्याच सैनिकांवर खटले चालवता येऊ लागले. हा कायदा नसता तर पळून गेलेल्या शिपायाला पकडायचं कुणी, हाच प्रश्न पडला असता.

मधुरा_पां

फौज फ्रान्सला पोहोचली कशी? रुमानिया आणि हंगेरीत तर सगळे छावण्यांत डांबलेले होते ना?

वळिवडे_रोड

मधुराताई, छावण्या होत्या, पण कुंपण फार पक्कं नव्हतं आणि पहारेकऱ्यांचे हात ओले करता येत. बुखारेस्ट आणि बुडापेस्टमधल्या पोलिश वकिलातींनी अक्षरशः कारखाना चालवला. फोटो काढायचा, नागरी कपडे द्यायचे, पारपत्रावर विद्यार्थी, कारकून असा काहीतरी धंदा घालायचा आणि थोडे थोडे करून बाहेर काढायचे. एक वाट काळ्या समुद्रावरच्या बाल्चिक बंदरातून बैरूतला आणि तिथून मार्सेयला. दुसरी युगोस्लाव्हियातून स्प्लिटच्या बंदरात, किंवा इटलीतून रेल्वेने. जर्मन रेडिओ त्यांना 'सिकोर्स्कीचे पर्यटक' म्हणून हिणवायचा. त्यांनी तेच नाव मानाने लावून घेतलं.

घोळ वेगळाच झाला. अधिकाऱ्यांना सुटणं सोपं गेलं, शिपायांना अवघड. शिवाय फ्रान्समध्ये भरती झाली ती बरीचशी तिथल्या खाणीत काम करणाऱ्या पोलिश मजुरांची. जून १९४० पर्यंत ८० हजारांच्या वर माणसं झाली, पण हत्यारं उशिरा आली, अर्धवट आली. फ्रान्स पडला तेव्हा त्यातले वीसेक हजारच ब्रिटनला पोहोचू शकले. एक अख्खी डिव्हिजन लढत लढत स्वित्झर्लंडमध्ये शिरली आणि युद्धभर तिथेच अडकली. मजूर-शिपायांपैकी कित्येकांची घरंच फ्रान्समध्ये होती, ते मागे राहिले. म्हणून स्कॉटलंडमध्ये पोहोचलेल्या फौजेत अधिकारी जास्त आणि शिपाई कमी. नुसत्या अधिकाऱ्यांच्या ब्रिगेड उभ्या कराव्या लागल्या आणि कॅप्टन लोक फाइफच्या किनाऱ्यावर शिपायासारखे खंदक खणत, पहारे देत. ब्रिटिशांनी किनाऱ्यावर फिरत्या चिलखती आगगाड्या ठेवल्या होत्या, त्यांवरही हेच लोक नेमले.

सीरियातली कार्पेथियन ब्रिगेड मात्र अख्खी वाचली. फ्रान्सने हात टेकल्यावर तिथल्या फ्रेंच सेनापतीने हत्यारं खाली ठेवायला सांगितलं. ब्रिगेडचे प्रमुख कोपान्स्की यांनी नकार दिला आणि हत्यारांसकट ब्रिगेड पॅलेस्टाइनमध्ये नेली. पुढे लिबियातल्या तोब्रुकच्या वेढ्यात हीच होती.

दर्यासारंग

आरमाराबद्दल लिहितो, कारण दूरदृष्टी दिसली ती इथेच. बाल्टिक म्हणजे बाटली आणि तिचं बूच डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत. युद्ध पेटल्यावर पोलिश विनाशिका बाहेर पडूच शकल्या नसत्या. म्हणून ३० ऑगस्टलाच, लढाई सुरू व्हायच्या आधी, ब्लिस्कावित्सा, ग्रोम आणि बुझा या तिघी निघाल्या आणि १ सप्टेंबरला स्कॉटलंडच्या लीथला लागल्या. घर पेटायच्या आधी तिजोरी हलवावी तसं. पळपुटेपणाचा आरोप झाला, पण बाल्टिकमध्ये मागे राहिलेली 'विखेर' पहिल्या तीन दिवसांतच बुडाली.

'ओझेल' पाणबुडीची सुटका तपशिलात पाहण्यासारखी आहे. कप्तान आजारी पडला म्हणून ती तालिनला गेली आणि एस्टोनियाने तिला अटकावलं. नकाशे काढून नेले, तोफेचं ब्रीच (गोळा भरायचा मागचा भाग) काढलं, टॉर्पेडो उतरवायला घेतले. उपकप्तान ग्रुदझिन्स्की यांनी टॉर्पेडो उचलायच्या यारीची पोलादी दोरी गुपचूप कानशीने अर्धी घासून ठेवली. ती तुटली, काम थांबलं, काही टॉर्पेडो आतच राहिले. त्याच रात्री दोन पहारेकऱ्यांना धरून पाणबुडी निसटली, पहारेकऱ्यांना नंतर स्वीडनच्या किनाऱ्याजवळ होडीत बसवून सोडलं. नकाशा नाही, म्हणून दिशादर्शक अधिकाऱ्याने दीपगृहांच्या छापील यादीवरून आणि आठवणीतून किनाऱ्याचा नकाशा काढला. रात्री कुठला दिवा किती सेकंदांनी लुकलुकतो ते यादीत असतं, त्यावरून जागा ठरवायची. १४ ऑक्टोबरला ती ब्रिटनला पोहोचली. एप्रिल १९४० मध्ये तिने 'रिओ दे जानेरो' हे जर्मन फौजा घेऊन नॉर्वेकडे चाललेलं जहाज बुडवलं. त्यानंतर दोनेक महिन्यांत ती गेली, आजवर सापडलेली नाही.

आरमाराला जहाजं ब्रिटिशांकडून मिळत गेली. खलाशी तयार करायला वर्षं लागतात. प्रत्येक बुडालेल्या जहाजामागे तो हिशेब होता.

थ्रॉटल

ब्रिटिश विमानदळाबरोबर लढलेल्या पोलिश ३०३ स्क्वॉड्रनबद्दल सगळ्यांना माहीत असतं ते '४२ दिवसांत १२६ विमानं'. हा त्या काळचा दावा आहे. जर्मन नोंदींशी ताडला की आकडा बराच खाली येतो, आणि हे सगळ्याच स्क्वॉड्रनांच्या बाबतीत खरं आहे. तरी हरिकेन ही ब्रिटिश लढाऊ विमानं उडवणाऱ्या स्क्वॉड्रनांत ती अव्वलच राहते.

मला महत्त्वाचं वाटतं ते आधीचं प्रशिक्षण. हे वैमानिक नवखे नव्हते, कित्येकांचे शेकडो तास झाले होते. अडचण सवयीची होती. पोलिश आणि फ्रेंच विमानांत वेग वाढवायला थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा) मागे ओढायचा, हरिकेनमध्ये पुढे ढकलायचा. शांत उड्डाणात हे जमतं. पण मागे शत्रू लागला की हात जुन्या सवयीनेच चालतो, आणि नेमक्या त्या क्षणी विमान मंदावतं. दुसरं, पोलिश पी-११ ची चाकं कायम खाली असत. हरिकेनची आत ओढलेली चाकं उतरताना पुन्हा खाली सोडायची हे लक्षात न राहून काहींनी विमान पोटावर उतरवलं. तिसरं, उंची मीटरऐवजी फुटांत, वेग किलोमीटरऐवजी मैलांत, इंधन गॅलनमध्ये.

आणि रेडिओ. 'एंजल्स पंधरा' म्हणजे पंधरा हजार फूट, 'व्हेक्टर' म्हणजे दिशा, 'पॅनकेक' म्हणजे खाली उतरा. सामान्य इंग्रजी आलं तरी हे कळत नाही. म्हणून अक्सब्रिजच्या मैदानावर त्यांना रेडिओ लावलेल्या तीनचाकी सायकली देऊन तुकडीने फिरवलं. कानात येणाऱ्या आज्ञेप्रमाणे वळायचं. लढलेल्या माणसांना हे अपमानास्पद वाटलं असणार, पण या गोष्टीने जीव वाचले. ३० ऑगस्ट १९४० ला सरावाच्या उड्डाणात पाश्किएविच यांनी जर्मन विमान पाडलं आणि दुसऱ्याच दिवशी स्क्वॉड्रन लढाऊ यादीत आली. ब्रिटनवरच्या १९४० च्या हवाई लढाईत १४५ पोलिश वैमानिक लढले.

मधुरा_पां

आणि पैसा? विमानं, पगार, पेट्रोल?

कलम_२४

पोलंडच्या मध्यवर्ती बँकेचं सुमारे ७५ टन सोनं सप्टेंबर १९३९ मध्ये रुमानियातून बाहेर काढलं होतं. कॉन्स्टान्त्साहून तेलवाहू जहाजाने इस्तंबूल, तिथून रेल्वेने बैरूत, मग जहाजाने फ्रान्स. एवढं करून जून १९४० मध्ये फ्रेंचांनी ते पश्चिम आफ्रिकेत डाकारला नेलं आणि आत वाळवंटाच्या कडेला कायेसला ठेवलं. ते युद्धबंदीनंतरच्या, जर्मनीशी जुळवून घेतलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारच्या ताब्यात राहिलं आणि युद्धाच्या ऐन काळात हाताशी आलंच नाही. त्यामुळे सैन्य चाललं ते ब्रिटिश कर्जावर.

नॉर्वेचं बघा. त्यांच्या सरकारच्या हातात हजाराच्या आसपास व्यापारी जहाजं होती, भाडं येत होतं, त्यावर त्यांचा खर्च निघे. ज्याची स्वतःची कमाई तो वाटाघाटीला ताठ बसतो. पोलंडकडे विनिमयाला माणसं होती आणि गुप्त माहिती. जर्मनांच्या सांकेतिक संदेशांच्या एनिग्मा यंत्राचं कोडं त्यांच्या गणितज्ञांनी १९३२ च्या अखेरीपासून फोडलं होतं आणि जुलै १९३९ मध्ये वॉर्साजवळच्या पिरी इथे ब्रिटिश-फ्रेंचांच्या हाती दिलं होतं. माझ्या मते कुठल्याही सोन्यापेक्षा ते मोठं देणं होतं. पण त्याची पावती त्या काळी कुणाला दाखवता येणार नव्हती.

खोदकाम

सुरुंगशोधकाची भर घालतो. युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने तो स्कॉटलंडमध्ये तयार केला. बांबूसारख्या दांड्याच्या टोकाला चपटी थाळी, तिच्यात तारांची दोन वेटोळी. एकात ठरावीक कंपनांचा प्रवाह सोडायचा, दुसरं प्रवर्धकाला आणि कानातल्या फोनला जोडलेलं. खाली धातू आला की दोन्हींचा तोल बिघडतो आणि कानातला आवाज बदलतो. सगळं मिळून १४ किलोच्या आत, म्हणजे एका माणसाला पाठीवर पेलेल असं. इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईआधी ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याला असे ५०० पाठवले. संगिनीने जमीन टोचत तासाला १०० चौरस मीटर होत असे, याने दुप्पट. मर्यादा अशी की लाकडी पेटीतला सुरुंग याला फारसा कळत नाही, आणि जुन्या लढाईचे तोफगोळ्यांचे तुकडे पसरलेले असले की सतत आवाज येतो. इटलीत नेमकं हेच दोन्ही होतं.

वळिवडे_रोड

आता माणसांवर येतो. ३० जुलै १९४१ ला सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांच्यात करार झाला आणि सैबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केलेल्या पोलिश लोकांना मोकळं केलं गेलं. जनरल अँडर्स मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून थेट सेनापतिपदावर आले. पहिलं ठाणं बुझुलुक, नंतर ताश्कंदजवळ यांगीयुल.

लोक हजारो किलोमीटर मालगाड्यांतून येत, उपाशी, अंगावर उवा, आणि उवांमागून टायफस. शिधा ठरावीक सैनिकांपुरता मिळे. मार्च १९४२ मध्ये तो तोडून २६,००० वर आणायचं सोव्हिएतांनी सांगितलं. अँडर्स स्टालिनला भेटले आणि ४४,००० वर तोडगा निघाला, उरलेल्यांनी इराणला जायचं. सैनिकांच्या त्याच शिध्यात आसपास गोळा झालेली बायकापोरंही जेवत होती. एका शिपायाच्या डब्यावर तिघं, असा तो हिशेब. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये क्रास्नोव्होद्स्कहून कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात एकूण सुमारे १,१५,००० माणसं उतरली. त्यांत ७८ हजारांच्या आसपास सैनिक, बाकी कुटुंबं. वाळूवर उतरल्या उतरल्या कपडे जाळायचे, डोकी भादरायची, आंघोळ, मग नवे कपडे. आणि जेवण जपून द्यायचं. आतडी सुकलेल्या माणसाला एकदम मटणाचा रस्सा दिला की जुलाब लागून तो दगावतो, आणि तशी माणसं तिथे दगावली. कोल्हापूरला आलेली कुटुंबं याच लोंढ्यातली.

अधिकारी मात्र आलेच नाहीत. अँडर्स याद्या करून विचारत राहिले, उत्तर मिळेना. एप्रिल १९४३ मध्ये कातिनच्या जंगलातली थडगी उघडकीला आली. १९४० च्या वसंतात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० जणांना गोळ्या घातल्या होत्या. पोलंडने रेडक्रॉसकडे चौकशी मागितली, तेवढं निमित्त करून मॉस्कोने संबंध तोडले. स्कॉटलंडमध्ये अधिकारी फुकट आणि इकडे पलटणींना कॅप्टन नाहीत, अशी विचित्र वाटणी त्यातून झाली. तिकडचे काही इकडे आणावे लागले.

निरंजन_स

या सैन्यातल्या ज्यूंचा विषय राहू नये. पोलिश सैन्यात ज्यू होते, आणि त्यांना हिणवणारे अधिकारी-शिपाईही होते. पॅलेस्टाइनला पोहोचल्यावर सुमारे ३,००० ज्यू सैनिक निघून गेले. अँडर्स यांनी त्यांची धरपकड केली नाही. पुढे इस्रायलचे पंतप्रधान झालेले मेनाहेम बेगिन याच सैन्यातून बाहेर पडले. १९४४ मध्ये ब्रिटनमधल्या तुकड्यांतूनही ज्यू सैनिक छळाची तक्रार करून ब्रिटिश सैन्यात गेले. माणूस कमी पडत होता असं आपण म्हणतो तेव्हा हेही त्याच खात्यात लिहायला हवं.

वळिवडे_रोड

बरोबर आहे, निरंजन. लिहिलंत ते बरं केलंत.

खोदकाम

आता इटलीतलं मोन्ते कासिनो, मे १९४४. अँडर्स यांच्या फौजेच्या, म्हणजे दुसऱ्या पोलिश कोअरमध्ये सुमारे ५०,००० माणसं, पण दोन्ही पायदळ डिव्हिजनांत दोन-दोनच ब्रिगेड. इतरांच्या तीन असत. म्हणजे एक ब्रिगेड लढतेय, दुसरी जखमी गोळा करतेय, राखीव कुणीच नाही.

डोंगरावरचा मठ सगळं बघत असे, म्हणून पुरवठा फक्त रात्री. खालपर्यंत ट्रक, पुढे जीप, जिथे जीप चढत नाही तिथे खेचरं, आणि शेवटचा टप्पा माणसाच्या पाठीवर. खडकात खंदक खणता येत नाही, दगड रचून छातीएवढा आडोसा करायचा. दिवसभर त्यामागे पडून राहायचं, हालायचं नाही. रणगाड्यांसाठी जी 'कॅव्हेंडिश रोड' नावाची वाट वापरली ती आधीच्या लढायांच्या वेळी भारतीय आणि न्यूझीलंडच्या सॅपर्सनी (रस्ते, सुरुंग अशी कामं करणाऱ्या सैनिकांनी) खडक फोडून रुंद केली होती. पोलिश सॅपर्सनी शेजारची आणखी एक वाट रुंद केली, तीही रात्री, जाळ्यांखाली.

१२ मेच्या पहाटे एकच्या सुमाराला पहिला हल्ला. नेमकी त्या रात्री जर्मन तुकड्यांची पाळी बदलत होती, त्यामुळे मोर्चांवर नेहमीपेक्षा जास्त माणसं. तोफखान्याच्या माऱ्यात टेलिफोनच्या तारा तुटल्या, पाठीवरचे रेडिओ फुटले, पुढच्या कंपन्या कुठे आहेत ते मागे कळेना. रणगाडे सुरुंगांत अडकले. ५९३ ची टेकडी हाती आली आणि दुपारनंतर गेली. दुसरा हल्ला १७ ला. तोपर्यंत खाली खोऱ्यात ब्रिटिश-भारतीय तुकड्या आणि डावीकडे डोंगरात फ्रेंच पुढे गेले होते, वेढा पडायची भीती होती, म्हणून जर्मन पॅराट्रूपर मागे सरले. १८ ला सकाळी १२ व्या पोदोल्स्की लान्सर्सच्या गस्तीने मठावर झेंडा लावला. ९२३ मेले, जवळजवळ ३,००० जखमी, ३४५ बेपत्ता.

या लढाईआधी आठव्या सैन्याच्या सेनापतीने अँडर्स यांना विचारलं होतं, तुमची भरपाई कुठून होणार? अँडर्स म्हणाले, समोरून.

मधुरा_पां

समोरून म्हणजे? जर्मन सैन्यातून?

खोदकाम

हो ताई. जर्मनीने जोडून घेतलेल्या सिलेशिया, पोमेरानियातल्या पोलिश लोकांची नावं सक्तीने जर्मन याद्यांत घातली आणि तरुणांना जर्मन गणवेश चढवला. ते शरण आले किंवा पकडले गेले की छावणीत पोलिश अधिकारी जाऊन त्यांना वेगळे काढत. भाषा, गाव, चर्च, शाळा यांवरून तपासणी होई, मग शपथ, मग ब्रिटिश बनावटीचा गणवेश. बहुतेकदा नावही बदलत. घर अजून जर्मनांच्या ताब्यात होतं. मुलगा पलीकडे लढतोय असं कळलं तर आईबापांची धडगत नव्हती. युद्ध संपेपर्यंत असे सुमारे ८९,००० लोक पोलिश सैन्यात आले. इतक्या लढायांनंतरही सैन्य वाढत गेलं, याचं दुसरं कारण नाही. फायदा असा की ते प्रशिक्षित होते आणि जर्मन हत्यारं, जर्मन डावपेच त्यांना आतून ठाऊक होते.

रणगाडा

मात्चेक यांच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनलाही याचाच आधार मिळाला. १६,००० माणसं, ३८१ रणगाडे. फ्रान्समधल्या फालेझजवळ २६२ च्या टेकडीवर दीड हजार माणसं आणि ऐंशीएक रणगाडे १९ ते २१ ऑगस्ट १९४४ असे अडकून पडले. दोन्ही बाजूंनी जर्मन, जखमींना हलवायला वाट नाही, दारूगोळा शेवटाला, वर शेकडो कैदी सांभाळायचे. कॅनडाचे रणगाडे पोहोचले तेव्हा सुटका झाली. ऑक्टोबरअखेर हॉलंडमधलं ब्रेडा शहर असं घेतलं की शहर जवळजवळ शाबूत राहिलं.

छत्रीदलाचं दुःख मोठं आहे. सोसाबोव्स्की यांची ब्रिगेड उभी केली ती एकाच कामासाठी: पोलंडमध्ये उठाव झाला की तिथे उतरायचं. ब्रीदच 'सर्वांत जवळच्या वाटेने'. स्कॉटलंडच्या लार्गो हाउसच्या आवारात झाडांना दोर, झोके, शिड्या बांधून सराव. त्या जागेला ते 'माकडांचं बन' म्हणत. पण विमानं ब्रिटिशांची. जून १९४४ मध्ये ब्रिगेड ब्रिटिशांच्या हाताखाली द्यावी लागली, आणि ऑगस्टमध्ये वॉर्सा उठलं तेव्हा ती इंग्लंडातच बसून राहिली.

पुढे हॉलंडमधल्या आर्नहेमला धुक्यामुळे दोन दिवस उशीर झाला. रणगाडाविरोधी तोफा आधीच ग्लायडरने नदीच्या उत्तरेला गेल्या आणि माणसं २१ सप्टेंबरला दक्षिणेला द्रीलजवळ उतरली. तीही सगळी नाही, वाटेत बऱ्याच विमानांना परत बोलावलं, हजारेकच उतरले. नदी ओलांडायची तराफा-नाव जागेवर नव्हती. रबरी होड्या एक-दोन माणसांच्या, प्रवाह जोराचा. पहिल्या रात्री पन्नासएक माणसं पार झाली. नंतर खापर सोसाबोव्स्कींवर फोडून डिसेंबरमध्ये त्यांना पदावरून काढलं. धोक्याची सूचना त्यांनीच आधी दिली होती, म्हणून हा अन्याय जास्तच सलतो.

थ्रॉटल

वॉर्सापर्यंत मदत का पोहोचली नाही, त्याचा भूगोल सांगतो. ब्रिटनमधून पोलंडला छत्रीने माणूस सोडायचा तर रात्रीच जाऊन यायला हवं, आणि त्या अक्षांशावर उन्हाळ्याची रात्र फारच आखूड. म्हणून मोसम शरद ते वसंत. पहिलं उड्डाण १५-१६ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री, जादा टाक्या लावलेल्या व्हिटली बॉम्बफेकी विमानातून. असे एकूण ३१६ 'चिखोचेम्नी' (गुप्त कामासाठी छत्रीने सोडलेले सैनिक) उतरवले, त्यांत एक बाई, एल्झ्बिएता झावात्स्का. १९४३ च्या अखेरीस तळ इटलीत ब्रिंदिसीला हलवला, तरी ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सा तिथून १,३०० किलोमीटर. परतीचं इंधन न्यायचं म्हणजे माल कमी. रशियन धावपट्ट्या जवळ होत्या, पण त्यावर उतरायची परवानगी मिळेना.

दर्यासारंग

एक भर आपल्या बाजूने. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीवर जो हल्ला झाला त्यात पोलिश कोअर आणि आठवी भारतीय डिव्हिजन एकाच दिवशी, एकाच आघाडीवर होती. त्या दिवशी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, दोन जखमींना एकेक करून सुरुंगांच्या पट्ट्यातून आणि खोल पाण्यातून अलीकडे घेऊन आले. मग परत जाऊन त्यांनी मशीनगनची तीन ठाणी उडवली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पोलिश कोअर २१ एप्रिलला बोलोन्यात शिरला.

मधुरा_पां

आणि नंतर? वळिवड्याची माणसं घरी गेली का?

वळिवडे_रोड

घर सोव्हिएत संघात गेलं होतं, मधुराताई. याल्टाच्या परिषदेत सीमा सरकवली आणि अँडर्स यांच्या शिपायांचे ल्वूव, विल्नोकडचे जिल्हे पलीकडे गेले. ५ जुलै १९४५ ला ब्रिटन-अमेरिकेने लंडनच्या सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे कलम २४ वर उभं राहिलेलं सगळं एका पत्राने बेवारस झालं. १९४६ च्या विजय संचलनासाठी लंडनने फक्त २५ वैमानिकांना बोलावलं. बाकीच्यांना वगळलंय म्हणून तेही गेले नाहीत. वॉर्साच्या नव्या सरकारने अँडर्स, मात्चेक आणि इतर अनेक सेनाधिकाऱ्यांचं नागरिकत्व काढलं. मात्चेक यांना ब्रिटिश निवृत्तिवेतनही नव्हतं, एडिंबरामध्ये हॉटेलच्या बारमध्ये ते काम करत. राच्किएविच यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष लंडनमध्ये एकामागून एक शपथ घेत राहिले. शेवटी २२ डिसेंबर १९९० ला काचोरोव्स्की यांनी पदचिन्हं वॉर्सात पोलंडचे नवे राष्ट्राध्यक्ष व्हावेन्सा यांच्या हाती दिली.

सैनिकांसाठी १९४६ मध्ये ब्रिटिशांनी पुनर्वसन दल काढलं: दोन वर्षांची नावनोंदणी, लष्करी पगार, तेवढ्यात भाषा आणि धंदा शिकायचा, काम मिळालं की बाहेर. दलात असलेल्याला बायकामुलांना बोलावून घेता येई. १९४७-४८ मध्ये वळिवड्याची छावणी रिकामी झाली तेव्हा पुष्कळ कुटुंबं मुंबईहून बोटीने ब्रिटनला गेली. तिथे सैन्याने सोडलेल्या बराकींत, अर्धगोल पत्र्याच्या छपराखाली, मधे घोंगडी टांगून केलेल्या खोल्यांत ती माणसं सात-आठ वर्षांनी पुन्हा एकत्र राहू लागली.